कृष्ण चंदर वाचायचे आहेत, सुरुवात कुठून करू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनकट्ट्यावर आम्ही उर्दू कथा वाचतो. सगळे मराठी, आणि उर्दू लिपी एकालाही येत नाही. कृष्ण चंदर यांचा महिना आला की नवे सभासद तेच प्रश्न विचारतात आणि जुने सभासद दरवेळी नवीच उत्तरं देतात. म्हणून एकदा बसून लिहून काढलं. मतं माझी आहेत, भांडायला कट्ट्यावर या.

कृष्ण चंदर म्हणजे नेमके कोण?

उर्दूतले कथाकार, कादंबरीकार आणि विनोदी लेखक. जन्म २३ नोव्हेंबर १९१४, मृत्यू ८ मार्च १९७७, मुंबईत. वीसहून जास्त कादंबऱ्या, तीसच्या वर कथासंग्रह, शिवाय रेडिओनाटकं, विनोदी लेख, सिनेमाचे संवाद. सआदत हसन मंटो, राजिंदर सिंह बेदी, इस्मत चुगताई आणि कृष्ण चंदर ही उर्दू कथेची चौकडी. यातल्या मंटोंचं नाव आज मराठी घरात सर्वांत जास्त घेतलं जातं, आणि कृष्ण चंदर यांची एखादी गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते पण लेखकाचं नाव आठवत नसतं. जांभळाच्या झाडाखाली सापडलेल्या माणसाची गोष्ट आठवते का? ती त्यांची.

कृष्ण, कृश्न, किशन... बरोबर काय?

हिंदी पुस्तकांवर ‘कृश्न चंदर’ छापतात, कारण उर्दू उच्चार तसा आहे. मराठीत ‘कृष्ण’ म्हणायला काही हरकत नाही. घरचं आडनाव चोप्रा, लेखनात ते कधी लावलं नाही. पुस्तकं शोधताना मात्र दोन्ही प्रकारे शोधा, नाहीतर निम्मी सापडणार नाहीत.

ते विनोदी लेखक होते की गंभीर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्याला मी उलट विचारतो: जांभळाच्या झाडाची गोष्ट विनोदी आहे की गंभीर?

माझं म्हणणं असं. कृष्ण चंदर यांचा विनोद हिशोबाचा विनोद आहे. शब्दांच्या कोट्या ते फारशा करत नाहीत, विक्षिप्त वल्ली उभ्या करून त्यांच्यावर हसवतही नाहीत. एखाद्या चोख कारकुनासारखे ते वही उघडतात आणि नोंदी करत जातात. फाइल कुठून कुठे गेली, पगारातले किती रुपये पिठाला गेले, पुलावर किती साड्या वाळत होत्या. आवाज चढत नाही. बेरीज आपण करतो, आणि ती करताना तोंडावरचं हसू उतरतं. दुकानदाराच्या सोयीसाठी विनोदी पुस्तकं एका फळीवर आणि सामाजिक दुसऱ्या फळीवर लावली तरी लेखक तोच आहे.

अर्थात निव्वळ हलकंफुलकं लेखनही त्यांनी भरपूर केलं. ‘हवाई क़िले’ हा विनोदी लेखांचा संग्रह १९४० च्या सुमाराचा, म्हणजे अगदी सुरुवातीचा. ‘फ़िल्मी क़ायदा’ तर सिनेमावाल्यांसाठी लिहिलेली अंकलिपी आहे: प्रत्येक अक्षरापुढे चित्रसृष्टीतली एकेक वस्तू आणि तिची बाळबोध व्याख्या.

बालपण कुठे गेलं?

जन्मस्थळ म्हणून दोन गावं सांगितली जातात, पंजाबातलं वजीराबाद आणि राजस्थानातलं भरतपूर. बालपणाबद्दल मात्र वाद नाही. वडील गौरीशंकर डॉक्टर होते आणि काश्मीरकडच्या पुंछ संस्थानात नोकरीला होते. मेंढर आणि पुंछ इथे मुलगा वाढला. डोंगर, चिनार, मक्याची शेतं आणि सरकारी दवाखान्याचं आवार, एवढं सामान त्यांना आयुष्यभर पुरलं. ‘मिट्टी के सनम’ आणि ‘मेरी यादों के चिनार’ ही दोन पुस्तकं याच दिवसांची.

विनोदाची खोडही इथलीच. शाळेत फारसी शिकवणाऱ्या मास्तरांवर त्यांनी ‘प्रोफेसर बलाकी’ नावाचा खुसखुशीत लेख लिहिला आणि तो चक्क छापून आला. गाव लहान, मास्तर सगळ्यांच्या ओळखीचे. घरी काय झालं असेल ते सांगायला नको. डॉक्टरसाहेबांनी चिरंजीवांना चांगलंच फैलावर घेतलं, आणि त्यानंतर बरीच वर्षं त्यांनी काही लिहिलं नाही.

शिक्षण?

लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातून इंग्रजीत एम.ए., मग वकिलीची पदवी. वकिली केली नाही. कोर्टकचेरीची भाषा मात्र कानात राहिली असावी, कारण पुढे पात्रांच्या तोंडी ती फार अचूक आली.

रेडिओचा आणि त्यांचा काय संबंध?

१९३९ च्या सुमाराला ते लाहोरच्या ऑल इंडिया रेडिओत नोकरीला लागले, तिथून दिल्लीला, मग लखनौला बदली. दिल्लीच्या काळात तिथे मंटो होते, उपेंद्रनाथ अश्क होते, शायर नून मीम राशिद होते. आणि या सगळ्यांचे सर्वोच्च साहेब होते अहमद शाह बुखारी, म्हणजेच उर्दूतले थोर विनोदी लेखक ‘पतरस’. जिथे मुख्य साहेबच विनोदी लेखक आहे अशा सरकारी खात्याची कल्पना करून पाहा. मंटो आणि अश्क यांची रोजची खडाखडी, टाइपरायटरची खटखट, दुपारपर्यंत नाटक लिहून द्यायचं आणि संध्याकाळी ते हवेत जायचं. संवादांवरची पकड इथे बसली. ‘सराय के बाहर’ हे त्यांचं गाजलेलं रेडिओनाटक.

पुण्यात राहायचे असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. डब्ल्यू. झेड. अहमद यांनी पुण्यात शालीमार पिक्चर्स काढलं होतं आणि चाळीसच्या दशकात त्यांनी लेखक-शायरांना पगारावर गोळा केलं. जोश मलिहाबादी, अख्तर-उल-ईमान, कृष्ण चंदर अशी मंडळी एका वेळी पुण्यात नोकरी करत होती. फाळणीनंतर अहमद पाकिस्तानात गेले आणि तो डाव मोडला. पुणेकरांना आपल्या गावात कोण कोण राहून गेलं याचा अभिमान असतो, पण या यादीची आठवण फारशी कुणी काढत नाही.

सिनेमात यश मिळालं का?

लेखक म्हणून पोट भरण्याइतकं मिळालं. निर्माता-दिग्दर्शक म्हणून हात पोळले. ‘सराय के बाहर’ वर त्यांनी स्वतःच सिनेमा काढला, धाकटे भाऊ महेंद्रनाथ नायक. पुढे ‘दिल की आवाज़’. दोन्ही चालले नाहीत. नंतर ते शहाण्यासारखे संवाद लिहीत राहिले, ‘ममता’ आणि ‘शराफ़त’ या सिनेमांच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव दिसेल. चित्रसृष्टीचा राग त्यांनी कादंबऱ्यांतून काढला. ‘बावन पत्ते’ आणि ‘चाँदी का घाव’ त्यासाठी वाचाव्यात.

‘जामुन का पेड़’ मध्ये एवढं काय आहे?

रात्री वादळ होतं, सचिवालयाच्या हिरवळीवरचं जांभळाचं झाड पडतं. सकाळी माळी बघतो तर झाडाखाली एक माणूस अडकलेला, जिवंत. माळी शिपायाला सांगतो, शिपाई कारकुनाला, कारकून सुपरिटेंडंटला. गर्दी जमते. पहिली हळहळ कुणाची, तर झाडाची. केवढं फळायचं बिचारं, जांभळं काय रसाळ होती, पोरांसाठी घरी न्यायचो. माळी म्हणतो, आणि हा माणूस? तेव्हा लोकांचं लक्ष खाली जातं.

झाड उचलून माणूस काढायला पाचच मिनिटं लागली असती. पण सुपरिटेंडंट म्हणतात, वर विचारतो. फाइल उपसचिवाकडून सहसचिवाकडे, तिथून मुख्य सचिवाकडे, मंत्र्यांपर्यंत जाऊन त्याच पायऱ्यांनी खाली येते. झाड व्यापार खात्याच्या आवारात, पण झाड म्हणजे शेती खातं. शेती खातं म्हणतं, फळझाड आहे, बागायत खात्याकडे पाठवा. बागायत खातं म्हणतं, देशभर झाडं लावायची मोहीम चालू असताना फळझाड तोडायला परवानगी कशी देणार? मग एक हुशार सुचवतो: झाड कापता येत नाही तर माणूस मधून कापून काढू, नंतर प्लास्टिक सर्जरीने जोडता येईल. फाइल आरोग्य खात्याकडे जाते. सर्जन येतो, रक्तदाब वगैरे सगळं रीतसर तपासतो आणि अहवाल देतो की शस्त्रक्रिया होईल, यशस्वीही होईल, फक्त माणूस मरेल.

रात्री माळी त्या माणसाला वरणभात भरवतो. ही एवढी एकच कृती संपूर्ण गोष्टीत फाइलशिवाय होते. पहिल्या वाचनात माझ्याकडून ती निसटली होती. माळी धीर देतो, प्रकरण वर गेलंय, होईल. त्यावर तो माणूस गालिबचा शेर म्हणतो, तुम्ही दुर्लक्ष करणार नाही हे कबूल, पण तुम्हाला खबर लागेपर्यंत आमची माती झालेली असेल. माळी चाट. तुम्ही शायर आहात? झालं, फाइल आता संस्कृती खात्याकडे! साहित्य अकादमीचे सचिव जातीने येतात, झाडाखालच्या शायराची मुलाखत घेतात, अभिनंदन करून त्याला सदस्यत्व देतात, आणि झाड काढणं मात्र आमच्या कक्षेत येत नाही असं नम्रपणे सांगून निघून जातात.

अखेर वनखात्याचे लोक कुऱ्हाडी घेऊन येतात तर परराष्ट्र खात्याचा मनाईहुकूम. झाड दहा वर्षांपूर्वी पिटोनिया देशाच्या पंतप्रधानांनी लावलेलं असतं, मैत्रीला तडा जाईल. शेवटी आपले पंतप्रधान दौऱ्यावरून परत येतात आणि आंतरराष्ट्रीय जबाबदारी स्वतःवर घेऊन परवानगी देतात. सुपरिटेंडंट धावत येतात, फाइल पूर्ण झाल्याचं आनंदाने सांगतात. शायराचा हात थंडगार, आणि मुंग्यांची रांग त्याच्या तोंडात चाललेली. त्याचीही फाइल पूर्ण झालेली असते.

या गोष्टीत एकही माणूस दुष्ट नाही, हे लक्षात घ्या. सगळे नियमाने वागतात, काही तर सहानुभूतीने. माझ्या वडिलांच्या पेन्शनच्या कागदासाठी मी एका कार्यालयात चौदा खेपा घातल्या, तिथेही माझ्याशी कुणी वाईट वागलं नव्हतं. एकाने तर चहा पाजला.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातून काढून टाकली, हे खरं का?

हो. आयसीएसईच्या दहावीच्या हिंदी अभ्यासक्रमात ती होती. २०१९ च्या नोव्हेंबरात परीक्षेच्या तोंडावर वगळली गेली. दहावीच्या मुलांसाठी ती योग्य नाही, असं कौन्सिलचं म्हणणं होतं. लेखकाला जाऊन तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती. वगळण्याचा निर्णय किती टेबलांवरून फिरून आला असेल, हा विचार गोष्ट वाचलेल्या प्रत्येकाच्या मनात आलाच.

गाढवाच्या कादंबऱ्या कोणत्या क्रमाने वाचाव्यात?

‘एक गधे की सरगुज़श्त’ (म्हणजे आपबीती), मग ‘गधे की वापसी’, शेवटी ‘एक गधा नेफ़ा में’ (नेफ़ा म्हणजे आजचा अरुणाचल).

पहिलीत बाराबंकीचं एक गाढव बॅरिस्टरच्या बंगल्याच्या विटा वाहता वाहता वाचायला शिकतं. सुशिक्षित झाल्यामुळे अर्थातच दिल्लीला जातं. तिथे रामू धोब्याकडे कामाला लागतं. रामूला यमुनेत मगर ओढून नेते आणि त्याच्या विधवेला काही मदत मिळावी म्हणून गाढव सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागतं. एका कचेरीतून दुसरीत, तिथून तिसरीत, थेट पंडित नेहरूंच्या बंगल्यापर्यंत. नेहरूंशी बोलल्याची बातमी पसरते आणि कालपर्यंत हाकलणारे लोक गाढवाला सलाम ठोकू लागतात. पंतप्रधान हयात आणि सत्तेवर असताना त्यांना नावानिशी पात्र करून लिहिलं, हे विसरू नका.

दुसरी आपल्या मुंबईत घडते. दारूबंदीचे दिवस, माहीमच्या बाजूचे हातभट्टीवाले, शेटजी, सिनेमावाले. गाढवाच्या पोटाचा दारू वाहून न्यायला जो उपयोग केलाय तो मी इथे सांगत नाही. तिसरी चीन युद्धानंतरची, तिच्यात गाढव सरहद्दीवर पोचतं. खरं सांगायचं तर तिसरीत लेखक दमला आहे आणि गाढव भाषण करतं. पहिली मात्र अजून ताजी आहे.

मुंबईवरचं काय वाचू?

‘महालक्ष्मी का पुल’. दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल.

सुरुवातच बघा. लेखक म्हणतो, महालक्ष्मी स्टेशनपलीकडे महालक्ष्मीचं एक देऊळ आहे, लोक त्याला रेसकोर्स असंही म्हणतात, आणि तिथे पूजा करणारे हरतात जास्त, जिंकतात कमी. इतकं बोलून तो आपल्याला पुलावर नेतो. पुलाच्या डाव्या कठड्यावर सहा साड्या वाळत घातल्या आहेत. सगळ्या स्वस्त, सुती, धुऊन धुऊन रंग गेलेल्या. एकेका साडीवर बोट ठेवून तो तिच्या मालकिणीची हकिगत सांगतो. ही शांताबाईची, तपकिरी. हिच्या शेजारी जी फडफडते आहे, दुरून तुम्हाला तपकिरीच वाटेल, ती माझ्या बायकोची. चाळीतली बिऱ्हाडं, गिरणी, संप, गोळीबार सगळं या सहा कापडांतून येतं. त्या दिवशी पंतप्रधानांची गाडी या पुलाखालून जाणार असते आणि लेखकाची इच्छा एवढीच, की गाडी क्षणभर थांबावी आणि त्यांनी वर बघावं. गाडी थांबत नाही. पंतप्रधान भाषण करायला चौपाटीवर जातात. म्हणून मग तो आपल्याला विनंती करतो: तुमची गाडी कधी इकडून गेली तर तुम्ही बघा. आणि पुलाच्या उजव्या बाजूला श्रीमंतांच्या रेशमी साड्याही वाळत असतात, त्याही बघा, आणि मग ठरवा.

गिरणगावात वाढलेल्या माझ्या आईला मी ही गोष्ट वाचून दाखवली. ती साड्यांच्या रंगांवर अडली. म्हणाली, “याला रंग कसे कळले रे? पुरुषमाणसाला कळत नाहीत.” तिने सुचवल्यावर मी परत वाचली. खरंच, नवी असताना साडी कोणत्या रंगाची होती आणि आता कोणता उरला, हा फरक त्याने साडीगणिक नोंदला आहे.

मुंबईवरचंच दुसरं पुस्तक ‘दादर पुल के बच्चे’. देव स्वतः मुंबईत उतरतो, मुलाचं रूप घेतो आणि दादरच्या पुलावर पोट भरणाऱ्या पोरांमध्ये वावरतो. सुरुवातीला फार गंमत वाटते, नंतर वाटत नाही. संध्याकाळी सहा वाजता त्या पुलावरून गेलेल्या माणसाला जागेचं वर्णन करून सांगायची गरजच पडू नये.

फाळणीवर त्यांनी लिहिलं का?

लगेच, आणि रागाने. ‘हम वहशी हैं’ हा संग्रह त्याच दिवसांतला. त्यात ‘पेशावर एक्सप्रेस’ आहे, जिच्यात निवेदन आगगाडी करते. पेशावरहून निघून मुंबईपर्यंत येताना प्रत्येक स्टेशनावर तिच्या पोटात काय काय झालं, हे ती सांगते.

त्याच संग्रहातलं ‘एक तवायफ़ का ख़त’ मुंबईच्या फारस रोडवरून लिहिलेलं आहे. धंदा करणारी एक बाई नेहरू आणि जीना या दोघांना मिळून एक पत्र पाठवते. तिच्याकडे दोन पोरी आहेत. बेला रावळपिंडीकडची हिंदू, बतूल जालंधरकडची मुसलमान. दोघींच्या घरादाराचं काय झालं ते ती सांगते आणि पंडितजींनी बतूलला, जीनासाहेबांनी बेलाला मुलगी म्हणून घरी न्यावं अशी विनंती करते. मायना, विनंती, खाली सही. सगळं शिष्टाचाराला धरून. अर्जाचा हा नमुना इतका बिनचूक आहे की वाचणाऱ्याला लपायला जागा उरत नाही.

‘अन्नदाता’ आणि ‘धरती के लाल’ एकच का?

नाही. ‘अन्नदाता’ ही १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरची दीर्घकथा. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४६ मध्ये ‘धरती के लाल’ काढला तेव्हा त्यासाठी ही कथा आणि बिजन भट्टाचार्य यांची नाटकं यांचा आधार घेतला. कथेच्या पहिल्या भागात एका काल्पनिक देशाचा कलकत्त्यातला वाणिज्यदूत आपल्या सरकारला पत्रं पाठवतो. दारातल्या पायरीवर प्रेतं पडली आहेत आणि त्याला पडलेला प्रश्न असा, की याला अधिकृतपणे दुष्काळ म्हणायचं की नाही? मधल्या भागात शहरातल्या सुखवस्तू माणसाचा कळवळा, आणि शेवटच्या भागात त्याच पायरीवर मेलेला सतारवादक बोलतो. पहिल्या भागातलं हसू तिथे घशात अडकतं.

‘कालू भंगी’ या शीर्षकावर कट्ट्यावर वाद झाला होता. वाचावी का?

वाचावी. शीर्षकातला शब्द आज आपण वापरणार नाही आणि वापरूही नये. पण ती गोष्ट नेमकी त्याच संकोचावर उभी आहे. लेखक सांगतो, इतकी वर्षं मी प्रेमाच्या, चांदण्याच्या गोष्टी लिहिल्या आणि दवाखान्यातला हा सफाई कामगार कोपऱ्यात झाडू घेऊन उभाच आहे, माझ्यावर कधी लिहिणार म्हणून. तुझ्यावर काय लिहू, तुझ्या आयुष्यात घडतंय काय? मग तो त्याचा पगारच मांडतो. आठ रुपये. चार रुपयांचं पीठ, एकाचं मीठ, एकाची तंबाखू, आठ आण्यांचा चहा, चार आण्यांचा गूळ, चार आण्यांचा मसाला. झाले सात. उरलेला रुपया वाण्याच्या कर्जाला. मी पेन्सिलीने बेरीज करून पाहिली आहे, बरोबर येते. त्या आकड्यांमध्ये एक कापड, एक औषध, एक सण कुठे बसवायचा ते शोधा.

कट्ट्यावर आक्षेप आला की हे बाहेरून लिहिलेलं आहे, आपल्याकडच्या दलित लेखकांनी आतून लिहिलं. आक्षेप बरोबर आहे. कृष्ण चंदर यांनी तो बऱ्याच अंशी गोष्टीतच स्वतःवर घेतला आहे, इतकंच मी म्हणेन.

मंटो मोठे की कृष्ण चंदर?

हा प्रश्न चहा येईपर्यंतच चांगला. मंटो शेवटच्या ओळीत चाकू फिरवतात. कृष्ण चंदर रेंगाळतात, फुलांवर आणि चांदण्यावर दोन परिच्छेद जास्तच लिहितात. कथा म्हणून मंटो जास्त घट्ट, बेदी जास्त खोल. पण सरकारी खात्यावर आणि सत्तेच्या भाषेवर हसण्यात या दोघांनाही कृष्ण चंदर यांची सर नाही. मंटो १९५५ मध्ये गेले तेव्हा कृष्ण चंदर यांनी ‘ख़ाली बोतल, भरा हुआ दिल’ या नावाने त्यांच्यावर लिहिलं. दिल्ली रेडिओतल्या दिवसांचं देणं फेडल्यासारखा लेख आहे.

त्यांचं सगळंच चांगलं आहे का?

छे. लेखणीवर घर चालवणारा माणूस, त्यात हातात संपादकांचे ॲडव्हान्स. काही कादंबऱ्या मासिकाची पानं भरण्यासाठी लिहिल्यासारख्या आहेत. नायिका सुंदर, नायक गरीब, शेवटी घोषणा. ‘पूरे चाँद की रात’ सारखी काश्मिरातली नितांत गोड प्रेमकथा लिहिणारा हाच, आणि त्याच चांदण्याची दहावी प्रत काढणाराही हाच. निवडून वाचावं.

ते कम्युनिस्ट होते का?

पुरोगामी लेखक संघाचे आघाडीचे लेखक, डाव्या विचारांचे, आणि ते त्यांनी लपवलं नाही. १९४५ च्या हैदराबाद अधिवेशनाला मुंबईहून निघालेल्या लेखकांच्या प्रवासावर त्यांनी ‘पौदे’ लिहिलं, उर्दूतल्या पहिल्या रिपोर्ताजांत, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्या घटनेच्या ललित वृत्तांतांत, ते मोजलं जातं. तेलंगणच्या शेतकरी लढ्यावर ‘जब खेत जागे’. संघाचं १९४९ चं गाजलेलं आणि कडक ठरावांमुळे वादग्रस्त झालेलं अधिवेशन तर आपल्या भिवंडीत भरलं होतं. उर्दू पुस्तकांत ‘भीमड़ी’ असं वाचाल तेव्हा गोंधळू नका. सोव्हिएत रशियात त्यांची भाषांतरं मोठ्या प्रमाणावर वाचली गेली. १९६६ मध्ये सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार मिळाला, १९६९ मध्ये पद्मभूषण.

घरी आणखी कुणी लिहिणारं होतं?

जवळजवळ सगळेच. भाऊ महेंद्रनाथ कथाकार, बहीण सरला देवी लेखिका. दुसरी पत्नी सलमा सिद्दीकी स्वतः लेखिका, आणि अलीगढचे प्राध्यापक रशीद अहमद सिद्दीकी यांची मुलगी. रशीदसाहेब म्हणजे उर्दू विनोदाचं मोठं घराणं. विनोदी लेखकाला विनोदी लेखकच सासरा मिळावा, हा योगायोग दोघांपैकी कुणाला सुचला असता तर त्याने अतिशयोक्ती म्हणून खोडला असता.

मुलांसाठी काही?

‘उल्टा दरख़्त’. झाड वर वाढायच्या ऐवजी जमिनीखाली वाढतं आणि मुलगा त्यावरून खाली उतरत जातो. दहा वर्षांच्या वरच्या मुलांना आवडतं, त्याहून लहानांना वाचून दाखवावं लागेल.

उर्दू येत नाही. जमेल का?

जमेल. त्यांची बहुतेक पुस्तकं देवनागरीत मिळतात, तीही फारसे बदल न करता, नुसती लिपी बदलून. माझी गाढवाची प्रत रद्दीवाल्याकडून वीस रुपयांत आली, मुखपृष्ठ फाटकं, आत कुण्या वाचनालयाचा शिक्का.

शिवाय आपल्याला एक फायदा आहे, जो आपल्या ध्यानात येत नाही. कचेरीची मराठी आजही फारसीतून आलेल्या शब्दांवर चालते: अर्ज, दाखला, शिक्का, मुदत, हुकूम, तहसील, वसुली, हजेरी. कृष्ण चंदर यांचा विनोद नेमका याच शब्दांत घडतो. कवितेतले शब्द अडतील, ते सोडून पुढे जा. काही शब्द मात्र फसवतात. ‘राज़ीनामा’ वाचून कुणी नोकरी सोडली असं समजू नका, तिथे त्याचा अर्थ दोन पक्षांची तडजोड. ‘जांभूळ’ आणि ‘जामुन’ मध्ये तर शब्दकोशही लागत नाही.

शेवटचं लिखाण कोणतं?

मार्च १९७७. हृदयविकार जुना होता. घरी टेबलाशी बसून त्यांनी एक विनोदी लेख लिहायला घेतला. शीर्षक लिहिलं ‘अदब बराए बतख़’, म्हणजे बदकासाठी साहित्य. त्याखाली पहिली ओळ लिहिली की नूरानीला लहानपणापासूनच पाळीव प्राण्यांची हौस होती. मग यादी सुरू केली: कबुतरं, माकडं, रंगीबेरंगी चिमण्या... इथे हृदयविकाराचा झटका आला. बदकापर्यंत यादी पोचली नाही.